सरळ रेषेत चालून दाखवा

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्यातला आवश्यक तेवढा भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"ताई, माझे वय ३८. ठाण्यातच एका कंपनीच्या लेखाविभागात नोकरी करते. पंधरा वर्षे सह्याद्रीत फिरते आहे; अलंग-मदन-कुलंग, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, माहुली हे सगळे झाले आहे. मागच्या ऑगस्टमध्ये एका व्यावसायिक संस्थेबरोबर लडाखमधल्या कांग यात्से-२ या शिखराच्या मोहिमेवर गेले. समिटच्या रात्री साधारण ५,९०० मीटरवर गाइडने मला थांबवले आणि दारू प्यायलेल्या माणसाला पोलीस चालवतात तसे बर्फावर सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितले. मी दोनदा अडखळले. त्याने सगळ्यांसमोर मला खाली पाठवले. बाकीचे सहाही जण माथ्यावर जाऊन आले. सव्वा लाख रुपये आणि वर्षभराची साठवलेली रजा गेली, हाती काही नाही. खरे तर दोन दिवस डोके दुखत होते, पण मी बोलले नव्हते. रोजच्या तपासणीआधी तंबूबाहेर उभी राहून जोरजोरात श्वास घ्यायचे, म्हणजे ऑक्सिमीटरवर आकडा बरा येतो. सगळेच थोडेफार तसे करतात. घरी हवामान बिघडले म्हणून सांगितले. आता त्याच संस्थेने पुढच्या सप्टेंबरच्या, नेपाळमधल्या मनास्लू शिखराच्या मोहिमेसाठी मला सवलत देऊ केली आहे. महिनाअखेरपर्यंत नाव नोंदवले तर १४ लाखांत होईल. मुदतठेव मोडू का? चाळीस दिवस अनोळखी लोकांत राहणे मला जमेल का? आणि त्या गाइडबद्दल तक्रार करावी का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याखेरीज पहिल्या दोन प्रश्नांना हात घालण्यात अर्थ नाही. त्या गाइडबद्दल तक्रार करू नका. एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्या पावलाची टाच टेकवत सरळ रेषेत चालायला लावणे ही, विरळ हवेत मेंदूला सूज येऊ लागली आहे का हे कोणत्याही उपकरणाशिवाय पाहण्याची, जगभरच्या डोंगरांत वापरली जाणारी चाचणी आहे. या सुजेत माणसाचा तोल फार लवकर बिघडतो. तो व्यवस्थित बोलतो, स्वतःचे नाव-गाव सांगतो, "मी ठीक आहे" असेही ठणकावून सांगतो, पण पावले मात्र वेडीवाकडी पडतात. त्यानंतर असंबद्ध बोलणे, भ्रम आणि झापड येते, आणि तरीही खाली उतरवले नाही तर माणूस बेशुद्ध होतो. हे सगळे चोवीस तासांच्या आतही घडू शकते. डेक्सामेथासोन या औषधाने, सिलिंडरमधल्या प्राणवायूने किंवा रुग्णाला आत झोपवून हवेचा दाब वाढवण्याच्या पिशवीने थोडा वेळ हाताशी येतो, परंतु खरा उपाय खाली उतरणे हाच आहे, आणि तोच त्याने तुमच्यावर केला.

बुटांना बर्फात रुतणारे काटे, म्हणजे क्रॅम्पॉन, लावलेला, रात्रभर चढून दमलेला माणूस नुसत्या थकव्यानेही अडखळू शकतो, असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरे आहे. म्हणूनच त्याने तुम्हाला एकदा नव्हे, दोनदा चालायला लावले असावे. शंका उरली तर त्रास उंचीचाच आहे असे धरून माणसाला खाली पाठवायचे, असा या व्यवसायातला शिरस्ता आहे. त्या माणसाच्या जागी क्षणभर उभ्या राहा. पहाटेचे दोन-तीन वाजले असतील, कपाळावरच्या दिव्याचा उजेड चार-पाच पावलांपुरता, दोरावर आणखी सहा जण, आणि तुम्हाला खाली न्यायला बरोबरचा एक मदतनीस द्यावा लागल्याने वरच्या सहा जणांसाठी त्याच्या हाताशी एक माणूस कमी. तुम्ही नाराज होणार, हिंडल्याफिरल्या ठिकाणी त्याच्याविरुद्ध बोलणार, बक्षिशीही बहुधा देणार नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते. तरी त्याने ते केले. असा गाइड पैसे देऊन दर वेळी मिळतोच असे नाही.

आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीकडे वळते, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. ऑक्सिमीटरचे आधी सांगते. गार पडलेल्या बोटावर हे यंत्र खरोखरच चुकीचा आकडा दाखवते, नखाला रंग लावलेला असेल तरी गोंधळते. त्यामुळे तपासणीआधी हात काखेत धरून ऊब देणे यात काही गैर नाही, उलट तसेच करावे. पाच हजार मीटरच्या आसपास ऐंशीच्या घरातला आकडा निरोगी माणसालाही येतो, त्याने घाबरायचे कारण नाही. परंतु तंबूबाहेर उभे राहून दहा-बारा खोल श्वास भरायचे, आकडा चार-पाच अंशांनी वर ढकलायचा आणि मग शांत चेहऱ्याने बोट पुढे करायचे, हे वेगळे. गाइड त्या आकड्यावरून उद्या कोणाला किती चालवायचे ते ठरवतो. तुम्ही लेखाविभागात काम करता, तेव्हा हे तुम्हाला मी समजावून सांगायला नको: वहीत खोटी नोंद घालून ताळेबंद जुळवला, तर त्या ताळेबंदाच्या भरवशावर निर्णय घेणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

डोकेदुखीचे तर याहून अधिक. विरळ हवेच्या त्रासाचे मोजमाप करण्यासाठी लेक लुईस नावाची एक साधी गुणपद्धती आहे. डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, थकवा आणि चक्कर या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे; डोकेदुखी असेल आणि एकूण गुण तीन किंवा जास्त झाले, तर त्रास सुरू झाला आहे असे धरायचे. या चारही गोष्टी रुग्णाच्या तोंडूनच कळतात. कोणतेही यंत्र त्या मोजत नाही. म्हणजे ज्या उंचीवर तुम्ही गेला होता तिथे तुमच्या प्रकृतीची सगळ्यांत महत्त्वाची माहिती तुमच्याच जवळ होती, आणि ती तुम्ही दोन दिवस दाबून ठेवलीत. "सगळेच करतात" हे मला मान्य आहे. आम्हीही केले आहे, आणि त्याची गोष्ट सांगणे मला टाळता येणार नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकात आम्ही नौपाड्यातल्या आणि आसपासच्या काही मुली गढवालमधल्या एका शिखराच्या मोहिमेवर गेलो होतो. पैसे घरोघरी वर्गणी काढून जमवलेले, त्यामुळे परत येऊन लोकांना काय सांगायचे याचे ओझे प्रत्येकीच्या पाठीवर सामानाइतकेच होते. दुसऱ्या कॅम्पवर माझ्या तंबूतली सोबतीण रात्रभर तोंड कनातीकडे करून, उशीला घेतलेल्या स्वेटरमध्ये खोकत असे. दुसऱ्या रात्री तिने मला शपथ घातली की, नेत्याला सांगायचे नाही. आणि मी, मैत्रीला जागायचे म्हणून, सांगितले नाही. तिसऱ्या पहाटे ती उठून बसल्या जागीच धापा टाकू लागली, आणि तिने बर्फावर थुंकले तेव्हा विजेरीच्या उजेडात त्या थुंकीचा फेस गुलाबी दिसला. फुप्फुसात पाणी झाले होते. चौघांनी तिला आळीपाळीने पाठीवर घेऊन सकाळपर्यंत हजारेक मीटर खाली आणले, आणि विशेष म्हणजे तेवढ्याच उतरण्याने तिचा श्वास हळूहळू जागेवर आला. ती आज नातवंडांना घेऊन तलावपाळीवर फिरायला येते. आम्ही भेटतो तेव्हा त्या शपथेचा विषय दोघीही काढत नाही.

म्हणून मी तुम्हाला खोटे बोललात म्हणून रागे भरत नाही. परंतु तुमच्या पत्रात त्या रात्रीचा हिशेब "शिखर हुकले" एवढ्याच शब्दांत मांडला आहे, तो मला पटत नाही. शिखर त्या रात्री हुकले नाही, ते दोन दिवस आधी हुकले होते. तुम्ही पहिल्या सकाळी डोके दुखते आहे असे सांगितले असते, तर एक दिवस तिथेच मुक्काम, भरपूर पाणी, कदाचित अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी, एवढ्यावर बहुधा भागले असते आणि त्या सहा जणांबरोबर तुम्ही सातव्या असता.

यात संस्थेचाही दोष आहे, आणि तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. तुम्ही जोडलेले मोहिमेचे वेळापत्रक मी बारकाईने पाहिले. सकाळी ठाण्यात चहा घेतलेला माणूस विमानाने दुपारी लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर पोहोचतो. तिथे दोन रात्री दिल्या आहेत, ते ठीक. परंतु मारखा खोऱ्यातून वर जाताना हांकर ते निमालिंग हा टप्पा एका दिवसात घेतला आहे. हांकर सुमारे ४,००० मीटरवर, निमालिंग ४,७०० च्या वर. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक उंच नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक पूर्ण विश्रांतीचा दिवस द्यावा, हा सर्वमान्य नियम आहे. तुमच्या वेळापत्रकात मधला मुक्काम नाही, वर बेसकॅम्पवर जो विश्रांतीचा दिवस छापला होता तो "सर्व सदस्य तंदुरुस्त असल्याने" रद्द केला, असे तुम्हीच लिहिले आहे. सर्व सदस्य तंदुरुस्त आहेत हे त्यांना कशावरून कळले? ऑक्सिमीटरच्या आकड्यांवरून. तक्रार करायचीच असेल तर गाइडबद्दल न करता या रद्द केलेल्या दिवसाबद्दल संस्थेला लेखी विचारा. पैसे परत मिळतील अशी आशा मात्र ठेवू नका. करारात तुम्ही शिखराचे पैसे भरलेले नसतात, तिथवर नेण्याच्या आणि सुखरूप परत आणण्याच्या सोयीचे भरलेले असतात.

तुमच्या तयारीविषयी थोडे. तुम्ही बावीस मजल्यांचे जिने पाठीवर बारा किलो घेऊन चढता आणि रविवारी येऊरला जाता, हे उत्तम आहे, चालू ठेवा, आणि लिफ्टने न उतरता जिन्यानेच उतरा, कारण गुडघे उतरतानाच मोडतात. परंतु याचा आणि विरळ हवेचा संबंध फार थोडा. हवेतले प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे एकवीस टक्केच असते, घटतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो खाडीकाठच्या ठाण्याच्या निम्म्यावर येतो. त्याच्याशी शरीर जुळवून घेते ते केवळ तिथे राहून, आणि त्याला दिवस व आठवडे लागतात. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, तिथे या त्रासाची ओळखही होत नाही. उलट चांगला दम असलेले लोकच पहिल्या दोन दिवसांत भराभर वर जातात आणि जास्त त्रास ओढवून घेतात. सह्याद्रीत पंधरा वर्षे मिळवलेला तुमचा आत्मविश्वास लडाखमध्ये तुमच्या विरुद्ध गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मनास्लू. मुदतठेव मोडू नका. निदान या वर्षी, या संस्थेबरोबर आणि या शिखरासाठी तर नाहीच. मनास्लू ८,१६३ मीटर उंच आहे, जगात आठवे. तिथे जाणाऱ्यांची संख्या वाढली, वाटेवर शेर्पांनी दोर बांधलेले असतात, म्हणून ते "सोपे आठ हजारी" या नावाने विकले जाते. याच शिखरावर सप्टेंबर २०१२ मध्ये तिसऱ्या कॅम्पवर पहाटे झोपेतल्या लोकांवर हिमप्रपात कोसळून ११ जण गेले. ५,९०० मीटरवर मेंदूच्या सुजेची लक्षणे दाखवलेल्या माणसाला, मधल्या एकाही टप्प्याशिवाय, एका वर्षात त्याहून सव्वादोन हजार मीटर उंच शिखराचे आमंत्रण आणि वर सवलत देणाऱ्या संस्थेने तुमची कागदपत्रे वाचली आहेत की केवळ तुमची हळहळ वाचली आहे, हे तुम्हीच ठरवा. महिनाअखेरची मुदत साड्यांच्या सेलला शोभते.

हाती काही नाही, असे तुम्ही लिहिता, म्हणून मनास्लूचीच आणखी एक हकिकत सांगते. या शिखराचा खरा माथा एका अरुंद कण्याच्या टोकाला आहे, आणि त्याच्या थोडे आधी एक उंचवटा लागतो. वर्षानुवर्षे असंख्य लोक त्या उंचवट्यावर झेंडा फडकवून, छायाचित्र काढून परत फिरत आणि त्यांना माथ्याची प्रमाणपत्रेही मिळत. २०२१ मध्ये ड्रोनने घेतलेल्या एका छायाचित्रात ती सगळी रांग उंचवट्यावर आणि त्याच्या पुढे खऱ्या माथ्याकडे जाणारे मोजकेच गिर्यारोहक असे एकत्र दिसले, आणि जगभर मोठी चर्चा झाली. आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर २०१६ मध्ये पुणे पोलीस दलातल्या एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला, छायाचित्रे बनावट असल्याचे उघड झाले, नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली आणि नोकरीही गेली. हातात काहीतरी हवे ही ओढ माणसाला कुठवर नेते, हे यातून दिसते. तुमचा ऑक्सिमीटर आणि त्यांचे छायाचित्र यांत अंतर खूप आहे, हे मी जाणते. रस्ता मात्र तोच आहे, असे मला लिहावेसे वाटते.

मग काय करावे? पहिल्यांदा बेसिक माउंटेनियरिंग कोर्स करा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था अशा ठिकाणी हा साधारण चार आठवड्यांचा निवासी अभ्यासक्रम चालतो. वयाची अट आधी वाचून घ्या आणि जागा बरीच आधी भरतात हे लक्षात ठेवून अर्ज करा. शुल्क व्यावसायिक मोहिमांच्या मानाने फारच कमी असते. तिथे घसरल्यावर हिमकुऱ्हाडीने स्वतःला कसे अडवायचे, जुमार ही पकड लावून दोरावर कसे चढायचे, हिमभेगेत पडलेल्या सोबत्याला कसे काढायचे हे हाताला शिकवले जाते. आणि तिथे रांगेत उभे राहून "सर, डोके दुखते" असे रोज सांगायची सवयही लागते, जी तुम्हाला या सगळ्याहून जास्त हवी आहे. प्रशिक्षणात धोका नसतो असा माझा दावा नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्याच संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक हिमप्रपातात सापडले आणि २९ जण दगावले. डोंगर ओळखपत्र बघत नाही.

त्यानंतर एखादे सहा हजारी शिखर, घाई न करता, मधल्या मुक्कामांसह. हवे तर कांग यात्सेच पुन्हा. ते नीट झाले तर सात हजारी. मनास्लू चार-पाच वर्षांनी तिथेच असेल.

चाळीस दिवसांचे विचारले आहे, त्यावर जरा थांबून लिहिते, कारण बहुतेक जाहिरातींत शेवटच्या आठ तासांचीच चित्रे असतात आणि बाकीच्या एकोणचाळीस दिवसांविषयी कोणी काही बोलत नाही. मोठ्या मोहिमेत चढण्याचे दिवस थोडे, वाट पाहण्याचे फार. बेसकॅम्पवर सकाळी तंबूच्या दाराशी कोणीतरी चहाचा पेला धरतो, मग कोमट पाण्याचे घमेले येते, मग जेवणाच्या तंबूत तीच दहा-बारा तोंडे, आणि बाहेर बर्फ पडत असेल तर ती तोंडे सलग पाच दिवस. वरच्या कॅम्पवर जाऊन, एक-दोन रात्री काढून पुन्हा खाली यायचे, असे दोन-तीन फेरे होतात, त्याला रोटेशन म्हणतात. ज्याला घाई आहे त्याला हे वर-खाली वेड लावते. कोरड्या थंड हवेने सगळ्यांनाच खोकला धरतो. रात्री झोपेत श्वास आठ-दहा सेकंद थांबतो आणि मग मोठा उसासा येतो. पहिल्यांदा शेजारच्या तंबूसोबत्याचा तसा थांबलेला श्वास ऐकून आपणच उठून बसतो. ओले मोजे, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि पाण्याची बाटली घेऊन स्लीपिंग बॅगेत झोपायचे, नाहीतर सकाळी तिन्ही गोठलेले. वरच्या कॅम्पवर पाणी म्हणजे बर्फ वितळवणे, आणि एक भांडे बर्फाचे जेमतेम पेलाभर पाणी होते. दिवसाला तीन-चार लिटर प्यायचे तर तास न् तास स्टोव्हपाशी बसणे आले.

बायकांच्या अडचणींबद्दल माहितीपत्रके मूग गिळून बसतात, म्हणून मी लिहिते. रात्री उणे पंधरात तंबूबाहेर जायचे नसेल तर लघवीसाठी रुंद तोंडाची वेगळी बाटली आणि नरसाळे ठाण्यातच वापरून सराव करा. बाहेर जायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्याच दुसऱ्या दिवशी डोके धरून बसलेल्या असतात. उंचीवर पाळीचे वेळापत्रक विस्कटू शकते, तेव्हा सामान तारखेवर न ठेवता दुप्पट न्या, आणि पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीच्या सल्ल्याने घेऊ नका. रक्ताची गुठळी होण्याचा प्रश्न असतो, स्त्रीरोगतज्ज्ञांशी उंचीचा उल्लेख करून बोला.

अनोळखी लोकांत जमेल का? ज्या बाईने पंधरा वर्षे सात सव्वीसची लोकल पकडली आहे तिला दहा माणसांचे ओझे वाटू नये. अडचण लोकांची नसतेच, तुलनेची असते. कोण किती लवकर आले, कोणाचा आकडा किती, कोणाची चप्पल महाग. ज्या तंबूत हे बोलणे चालते तिथून उठून स्वयंपाकाच्या तंबूत जाऊन बसा. तिथे ऊब असते, लसणाचे सूप असते, आणि ज्यांच्या पाठीवर ही मोहीम चढते ती माणसे असतात. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमधबधब्यात १६ नेपाळी कामगार हिमप्रपातात गेले. ग्राहकांचे सामान आणि सिलिंडर वर पोचवणे हेच त्यांचे त्या सकाळचे काम होते. तुमच्या मोहिमेतल्या अशा माणसांची नावे लक्षात ठेवा, त्यांच्या विम्याची रक्कम किती आहे हे संस्थेला विचारा. उत्तर देताना संस्थेचा माणूस चाचरला, तर तुमच्याबद्दलही तो उद्या चाचरेल.

पुढे कधी मोठ्या मोहिमेसाठी संस्था निवडाल तेव्हा आणखी काही विचारा. शिखराच्या दिवशी किती जणांमागे एक गाइड. नेपाळने २०२५ च्या सुधारित नियमांत आठ हजार मीटरवरच्या शिखरांसाठी दोघांमागे किमान एक ठेवला आहे. परत फिरण्याची वेळ कोणती, आणि ती कोण पाळायला लावणार. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर एका वादळात आठ जण गेले. त्यातल्या अनेकांनी दुपारी परतायची ठरलेली वेळ ओलांडली होती, आणि वेळ ठरवणारे गाइडही त्यांत होते. प्राणवायू किती हेही हिशेबाने विचारा. चार लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने साधारण १,२०० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला दोन लिटरने दहा तास, चार लिटरने पाच. वाटेत रांग लागली तर काय, याचे उत्तर "भरपूर असतो" असे मिळाले तर ते उत्तर नव्हे. विम्याच्या कागदावर उंचीची मर्यादा बारीक अक्षरात असते, ती वाचा; कित्येक प्रवासविमे गिर्यारोहण मुळातच वगळतात.

घरच्यांविषयी तुम्ही सल्ला मागितलेला नाही, तरी एवढे सांगते. हवामान बिघडले नव्हते, हे यजमानांना सांगा. तुमच्या सासूबाईंचा विरोध आहे म्हणता. त्यांना खरे कळले तर विरोध वाढेल अशी तुम्हाला भीती आहे, आणि ती बरोबरही असेल. पण पुढच्या वेळी तुम्ही निघाल तेव्हा तुमची नऊ वर्षांची मुलगी ज्यांच्याजवळ राहणार आहे, त्यांना या डोंगरात काय होऊ शकते हे तुमच्याच तोंडून कळलेले असावे.

शेवटी एक काम. कोणत्याही मोहिमेच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये "यापूर्वी उंचीचा त्रास झाला आहे का?" असा एक रकाना असतो. ज्याला एकदा झाला त्याला तशाच चढाईत पुन्हा होण्याची शक्यता अधिक, म्हणून तो असतो. मनास्लूला जायचे नसले तरी तो फॉर्म मागवून घ्या. त्या रकान्यात "हो" लिहा. उंची, तारीख, दोन दिवसांची डोकेदुखी, अडखळलेली पावले, सगळे लिहा, आणि पाठवून द्या. त्यावर वेळापत्रकात दिवस वाढवून देतो, आधी डॉक्टरांना भेटा, किंवा या वर्षी येऊ नका, असे उत्तर आले तर ती संस्था मी समजते त्याहून बरी आहे. "मॅडम, तो रकाना कोराच सोडा" असा फोन आला, तर त्यांचा क्रमांक पुसून टाका, आणि त्या गाइडचा शोधून काढून त्याला एक फोन करा.